'पहिली' कोण? महिलांच्या पोल व्हॉल्टविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात सिडनी येथील २००० सालच्या ऑलिंपिकमधील महिलांच्या पोल व्हॉल्टच्या, म्हणजे लांब पोल टेकून आडव्या दांडीवरून मारायच्या उडीच्या, अंतिम फेरीविषयी या सदरात एक छोटे टिपण आले होते. त्यात अमेरिकेच्या स्टेसी ड्रॅगिला यांचा उल्लेख 'पोल व्हॉल्टमधील पहिली महिला' असा झाला होता. त्या एका विशेषणावरून आलेली पत्रे इतकी विचारपूर्वक लिहिलेली होती की या वेळचे सगळे सदर त्यांनाच देण्याचे ठरवले.

प्रश्न : ड्रॅगिला यांना 'पहिली महिला' म्हणणे चूक आहे असे मला वाटते. त्यांच्या आधी कितीतरी जणींनी विश्वविक्रम केले होते. मग हा मान नक्की कोणाचा?

आपली हरकत मान्य आहे. टिपणातील शब्दयोजना ढिली होती आणि तिची जबाबदारी या सदराचीच आहे. ड्रॅगिला या महिलांच्या पोल व्हॉल्टमधील पहिल्या ऑलिंपिक विजेत्या आहेत, एवढेच विधान अचूक ठरले असते. २५ सप्टेंबर २००० रोजी त्यांनी ४.६० मीटर उंची पार करून सुवर्णपदक मिळवले, ऑस्ट्रेलियाच्या तातियाना ग्रिगोरियेव्हा यांना ४.५५ मीटरवर रौप्य आणि आइसलँडच्या वाला फ्लोसादोत्तिर यांना ४.५० मीटरवर कांस्य मिळाले.

'पहिली' हा मान मात्र एकीचा नाही, कारण या खेळाची दारे एकाच दिवशी उघडली नाहीत. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने मान्य केलेला महिलांचा पहिला विश्वविक्रम चीनच्या सुन त्साययुन यांचा होता. त्यांनी २१ मे १९९२ रोजी नानजिंग येथे ४.०५ मीटर उंची पार केली. युरोपीय इनडोअर स्पर्धेतील पहिले विजेतेपद १९९६ साली स्टॉकहोममध्ये फ्लोसादोत्तिर यांनी मिळवले, तेव्हा त्यांना अठरावे वर्ष पुरे होऊन काही आठवडेच झाले होते. जागतिक इनडोअर स्पर्धेतील पहिली विजेती १९९७ साली पॅरिसमध्ये ड्रॅगिला ठरली. खुल्या मैदानावरील युरोपीय स्पर्धेचे पहिले सुवर्ण १९९८ साली युक्रेनच्या अँजेला बालाखोनोव्हा यांना मिळाले, आणि त्याच वर्षी क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धेतील पहिले सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या एमा जॉर्ज यांना. खुल्या मैदानावरील जागतिक स्पर्धेत हा प्रकार १९९९ साली सेव्हिल येथे आला, आणि तेथेही ड्रॅगिला विजयी झाल्या. पाच मीटरची उंची ओलांडणारी पहिली महिला रशियाची येलेना इसिनबायेव्हा. ती उडी २२ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये झाली.

यांतील कोणाचाही मान दुसरीच्या मानामुळे उणा होत नाही. तरीही सर्वांत अधिक ज्ञात असलेले नाव इसिनबायेव्हा यांचे आणि सर्वांत अल्पज्ञात नाव सुन यांचे असावे, ही गोष्ट मनाला लागते. इसिनबायेव्हा उतरल्या तेव्हा स्पर्धा होत्या, विक्रमपुस्तक होते आणि मागे टाकायला एक उंची होती. सुन यांच्यापुढे यांतले फार थोडे होते.

प्रश्न : १९९२ पूर्वी महिला ही उडी मारतच नव्हत्या का? मारत असतील, तर त्यांच्या उंचीची नोंद कुठे आहे?

मारत होत्या. आजच्या अंकातील सर्व प्रश्नांपैकी हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे असे मला वाटते, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील ओहायो राज्यात, लेक एरी कॉलेज या महिला महाविद्यालयात रूथ स्पेन्सर या विद्यार्थिनीने १.४४ मीटर उंची पार केल्याची नोंद इतिहासकार देतात. १.४४ मीटर ही उंची आज शाळकरी मुलगी पोलशिवायही ओलांडू शकेल. परंतु त्या काळी महिलांनी हा खेळ खेळायचा असतो, ही कल्पनाच फारशा लोकांच्या मनात नव्हती, हे ध्यानात घेतले की त्या आकड्याकडे बघण्याची दृष्टी बदलते. त्यानंतर १९५२ साली अमेरिकेच्या डायान ब्रॅग यांनी २.५९ मीटर उंची पार केली आणि ती महिलांची सर्वोत्तम उंची म्हणून पाव शतकाहून अधिक काळ टिकली. त्यांचे बंधू डॉन ब्रॅग १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये ४.७० मीटरसह सुवर्णपदक विजेते झाले.

या भावाबहिणीची कहाणी मला फार बोलकी वाटते. दोघे एकाच घरातले आणि दोघांचा खेळही एकच, परंतु भावासमोर शालेय स्पर्धांपासून ऑलिंपिकपर्यंत पायऱ्या बांधलेल्या होत्या आणि बहिणीसमोर एकही पायरी नव्हती. त्यांची २.५९ मीटरची उंची इतकी वर्षे टिकली ती अजिंक्य होती म्हणून नव्हे. ती मागे टाकण्यासाठी कोणाला बोलावणारी स्पर्धाच कुठे भरत नव्हती. दीर्घकाळ टिकलेला विक्रम म्हणजे थोर विक्रम, असे आपण सवयीने मानतो. येथे मात्र त्या दीर्घकाळातून आपल्याला ऐकू येते ते रिकाम्या मैदानाचे मौन.

नोंदी का मिळत नाहीत, याचे कारण विक्रमाच्या व्याख्येतच आहे. विक्रम मान्य होण्यासाठी तो प्रकार महासंघाच्या यादीत असावा लागतो, स्पर्धा नियमानुसार भरलेली असावी लागते, आडव्या दांडीची उंची अधिकाऱ्यांनी मोजलेली असावी लागते आणि पंचांची स्वाक्षरी असलेले कागद वर जावे लागतात. यादीत प्रकारच नसेल तर पुढची साखळी सुरूच होत नाही. मैदानावर उपस्थित असलेल्या कोणी उंची लिहून ठेवली, एखाद्या वृत्तपत्राने चार ओळी छापल्या, तर ती उरते, नाहीतर ती जाते. म्हणून १९९२ पूर्वीचा महिलांचा पोल व्हॉल्ट म्हणजे कोरे पान नव्हे, ते फाटलेले पान आहे, आणि त्यातील तुकडे जोडण्याचे काम आजही करता येण्यासारखे आहे.

पुरुषांच्या नोंदीशी तुलना केली की ही दरी डोळ्यांत भरते. पुरुषांचा पोल व्हॉल्ट १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून आहे, म्हणजे महिलांना त्यासाठी त्यानंतर १०४ वर्षे थांबावे लागले. महासंघाच्या पुस्तकातील पुरुषांचा पहिला विश्वविक्रम अमेरिकेच्या मार्क राइट यांचा आहे. ८ जून १९१२ रोजी त्यांनी ४.०२ मीटर उंची पार केली होती. महिलांचा पहिला मान्य विक्रम ४.०५ मीटरचा. दोन पहिल्या आकड्यांमध्ये अंतर अवघे तीन सेंटिमीटर आणि काळ ऐंशी वर्षांचा! यावरून एक चुकीचा निष्कर्ष काढू नये, अशी मात्र विनंती आहे. राइट यांच्या हाती फारसा न वाकणारा पोल होता आणि पलीकडे आजच्यासारखी जाड मऊ गादी नव्हती, तेव्हा ४.०२ आणि ४.०५ यांची शारीरिक क्षमतेचे माप म्हणून तुलना करणे दोघांवरही अन्यायाचे होईल. हे आकडे मी देतो ते वेगळ्या कारणासाठी. पुरुषांची नोंद खेळ बाल्यावस्थेत असतानाच सुरू झाली, म्हणून त्यांच्या चाचपडत टाकलेल्या पावलांनाही पुस्तकात जागा मिळाली. महिलांची नोंद खेळ चार मीटरपर्यंत पोहोचल्यावर सुरू झाली, आणि त्याखालची प्रत्येक पायरी चढणारी स्त्री पुस्तकाबाहेर राहिली.

या जुन्या उंचींना आज 'विश्वविक्रम' म्हणावे, असे माझे म्हणणे नाही. नियम पूर्वलक्षी प्रभावाने वाकवले तर विक्रमपुस्तकावरचा विश्वासच जाईल. परंतु 'मान्यतापूर्व सर्वोत्तम उंची' असा वेगळा विभाग करून नाव, ठिकाण, वर्ष आणि पुराव्याचे स्वरूप देणे यात कोणताही नियम मोडत नाही. रूथ स्पेन्सर आणि डायान ब्रॅग यांच्या नावापुढे हा एवढा मान नि:संकोच लिहिला जावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आमच्या लहानपणी या खेळाला 'बांबूउडी' म्हणत. आता सर्वत्र 'पोल व्हॉल्ट' दिसते. कोणता शब्द योग्य?

दोन्ही शब्द रूढ आहेत आणि दोन्ही वापरता येतील. या सदरात 'पोल व्हॉल्ट' वापरला आहे, तो केवळ पोल आता बांबूचा राहिलेला नाही म्हणून. बांबूनंतर धातूचे आणि त्यानंतर फायबरग्लासचे पोल आले. तरीही 'बांबूउडी' या शब्दाने डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते ते दुसऱ्या शब्दाने राहत नाही, हे आपले म्हणणे खरे आहे.

प्रश्न : मी शारीरिक शिक्षण शिकवते. मुलींच्या खांद्यांत आणि दंडांत या उडीसाठी लागणारे बळ नसते, असे आम्हांला प्रशिक्षणाच्या काळात सांगण्यात आले होते. या समजाला काही आधार होता का?

आपल्याला जे सांगितले गेले ते जगभर सांगितले जात होते. त्यामागची वृत्ती आणखी जुनी आहे. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिलांना प्रथमच ॲथलेटिक्सच्या पाच प्रकारांत प्रवेश मिळाला, परंतु त्यांतील ८०० मीटरची शर्यत महिलांना झेपत नाही असे ठरवून लगेच काढून टाकण्यात आली आणि ती परत येण्यास १९६० साल उजाडले. महिलांची मॅरेथॉन १९८४ मध्ये आली, तिहेरी उडी १९९६ मध्ये, पोल व्हॉल्ट आणि हातोडाफेक २००० मध्ये, तर ३००० मीटर स्टीपलचेस थेट २००८ मध्ये. दर वेळी 'शरीराला झेपणार नाही' हेच कारण पुढे केले गेले, आणि दर वेळी प्रवेश मिळताच थोड्या वर्षांत त्या कारणात काही तथ्य नव्हते हे दिसून आले.

पोल व्हॉल्टच्या बाबतीत तर हा समज खेळाचे गणित न समजल्यामुळे झालेला आहे. खेळाडू हाताच्या जोराने स्वतःला वर ओढते, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात उंचीचा मोठा वाटा धावेतून येतो. धावपट्टीवर मिळवलेली गती, धावपट्टीच्या टोकाच्या खाचेत (बॉक्समध्ये) पोल टेकताच, पोलच्या वाकण्यात साठते आणि पोल सरळ होताना ती खेळाडूला वर उचलते. साधा हिशेब करून पाहा. सेकंदाला ८ मीटर वेगाने धावणाऱ्या शरीराची सगळी गतिज ऊर्जा उंचीत बदलली, तर त्याचा गुरुत्वमध्य सुमारे ३.२६ मीटर वर जाईल. वेग ८.५ मीटर केला तर हाच आकडा सुमारे ३.६८ मीटर होतो. वेगात अर्ध्या मीटरची वाढ आणि उंचीत ४२ सेंटिमीटरची, कारण येथे वेगाचा वर्ग मोजला जातो. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य मुळातच जमिनीपासून सुमारे एक मीटर वर असतो, तो त्यात मिळवावा लागतो, आणि प्रत्यक्ष उडीत काही ऊर्जा वाया जाते, तर काही स्नायू नव्याने घालतात. खांद्यांचे आणि पोटाचे बळ लागतेच, मात्र ते पोल टेकवताना शरीर ताठ ठेवण्यासाठी, झोका घेण्यासाठी आणि डोके खाली, पाय वर अशा स्थितीत जाण्यासाठी लागते, आणि सरावाने येते. जिम्नॅस्टिक्समध्ये लहान मुली हेच बळ कमावत होत्या आणि त्यावर कोणाचा आक्षेप नव्हता.

दुसरी एक अडचण खरी होती, पण ती शरीराची नव्हे, साधनांची. फायबरग्लासचा पोल विशिष्ट वजनाच्या खेळाडूसाठी बनवलेला असतो. जड खेळाडूसाठी बनवलेला पोल हलक्या खेळाडूच्या हाती दिला तर तो पुरेसा वाकत नाही, आणि न वाकलेला पोल तिला मागे फेकू शकतो. ज्या प्रकाराच्या स्पर्धाच नाहीत त्यासाठी योग्य वजनाचे पोल कोण विकत घेणार? मग जे हाती येतील त्या पोलवर मुलगी अडखळली की तो तिच्या खांद्यांचा दोष ठरे. आपल्या विद्यार्थिनींपैकी कोणाला हा खेळ शिकवणार असाल, तर पहिले लक्ष पोलवरील वजनाच्या आकड्याकडे आणि गादीच्या स्थितीकडे द्यावे. खांद्यांची काळजी त्यानंतर.

पहिल्या पिढीतील नामवंत खेळाडू कोठून आल्या हे पाहिले तर वरील सर्व गोष्टींना दुजोरा मिळतो. ड्रॅगिला इडाहो स्टेट विद्यापीठात हेप्टॅथलॉन (सात प्रकारांची एकत्रित स्पर्धा) खेळत होत्या आणि त्यांचे प्रशिक्षक डेव्ह नील्सन यांनी त्यांना १९९३ च्या सुमारास हा प्रकार करून पाहण्यास सुचवले. ग्रिगोरियेव्हा ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतून आल्या. १९९५ साली मे ते सप्टेंबर या काळात विश्वविक्रम ४.१० पासून ४.२२ मीटरपर्यंत नेणाऱ्या चेक खेळाडू दानिएला बार्तोव्हा जिम्नॅस्ट होत्या, आणि इसिनबायेव्हादेखील त्याच खेळातून, उंची वाढल्यामुळे बाहेर पडून, पंधराव्या वर्षी इकडे वळल्या. एमा जॉर्ज यांचे बालपण मुलांच्या सर्कशीत कसरती करण्यात गेले. यांच्यापैकी कोणीही दहाव्या वर्षी पोल हाती धरून मोठी झालेली नाही, कारण दहा वर्षांच्या मुलीच्या हाती पोल देणारी व्यवस्थाच तेव्हा नव्हती. दुसऱ्या खेळात कमावलेले शरीर घेऊन त्या येथे आल्या आणि वयाच्या अशा टप्प्यावर शिकू लागल्या, जेव्हा पुरुष खेळाडूंची कित्येक वर्षांची तयारी झालेली असते. त्यांच्या उंचींकडे पाहताना ही गोष्ट विसरता कामा नये.

प्रश्न : एमा जॉर्ज यांनी वारंवार विश्वविक्रम केले, पण त्यांच्याकडे ऑलिंपिक पदक नाही. अशा खेळाडूला इतिहासात कोठे ठेवावे?

अगदी वरच्या ओळीत. ३० नोव्हेंबर १९९५ रोजी त्यांनी मेलबर्नमध्ये ४.२५ मीटरचा विक्रम केला आणि २० फेब्रुवारी १९९९ पर्यंत, म्हणजे सव्वातीन वर्षांत, तो एकटीच्या बळावर ४.६० मीटरपर्यंत नेला. साडेचार मीटर ओलांडणारी पहिली महिला त्याच. जागतिक स्पर्धेत आणि ऑलिंपिकमध्ये या प्रकाराला जागा द्यावी की नाही याचा विचार ज्या वर्षांत होत होता, नेमक्या त्याच वर्षांत त्या दर काही महिन्यांनी दांडी थोडी थोडी वर नेत होत्या. महिलांचा पोल व्हॉल्ट पाहण्याजोगा आहे का, या शंकेला त्या उड्यांइतके चांगले उत्तर दुसरे कोणते असू शकले असते?

सिडनीत त्यांच्याच देशात ऑलिंपिक भरले तेव्हा मात्र त्या दुखापतींनी ग्रासलेल्या होत्या आणि त्यांना अंतिम फेरी गाठता आली नाही. ड्रॅगिला यांनी सुवर्ण जिंकले ते ४.६० मीटरवर. हीच उंची जॉर्ज यांनी दीड वर्षापूर्वी, त्याच सिडनी शहरात पार केली होती. हा योगायोग वाचताना मला दर वेळी हळहळ वाटते. ड्रॅगिला यांच्या यशाला यामुळे बाध येत नाही. त्यांनी पुढे २००१ साली विक्रम ४.८१ मीटरवर नेला, त्या वर्षी महासंघाने त्यांना वर्षातील सर्वोत्तम महिला ॲथलीट म्हणून गौरवले, आणि पुढे त्यांच्या देशाच्या ॲथलेटिक्स हॉल ऑफ फेममध्येही त्यांना स्थान मिळाले. पण ऑलिंपिकचा दरवाजा ज्यांनी ठोठावला आणि ज्या त्यातून आधी आत गेल्या, त्या निरनिराळ्या असू शकतात, आणि पदकांच्या यादीत केवळ आत गेलेल्याच दिसतात.

सिडनीतच याचे आणखी एक उदाहरण घडले. बार्तोव्हा यांनीही अंतिम फेरीत ४.५० मीटर उंची पार केली होती, म्हणजे कांस्यपदक विजेत्या फ्लोसादोत्तिर यांच्याइतकीच. बरोबरी झाल्यास त्या शेवटच्या उंचीवर कोणाचे प्रयत्न कमी वाया गेले हे पाहतात, तेही समान असतील तर संपूर्ण स्पर्धेतील चुकलेले प्रयत्न मोजतात. त्या मोजणीत बार्तोव्हा चौथ्या आल्या. फ्लोसादोत्तिर यांचे पदक हे आइसलँडच्या महिलेने मिळवलेले पहिले ऑलिंपिक पदक ठरले आणि त्याचा आनंद रास्तच होता. बार्तोव्हा यांचे नाव मात्र, १९९५ च्या त्या विलक्षण उन्हाळ्यानंतरही, ऑलिंपिक पदकांच्या यादीतून शोधणाऱ्याला कधीच सापडणार नाही.

प्रश्न : आमचे मंडळ या खेळातील आद्य महिला खेळाडूंची माहिती देणारे छोटे प्रदर्शन भरवणार आहे. नावे जमवताना एकाच खेळाडूची दोन-दोन नावे समोर येतात आणि गोंधळ होतो. काय करावे?

आपण ज्या अडचणीत आहात ती महिला खेळाडूंचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला येते. पुरुष खेळाडूच्या बाबतीत ती क्वचितच उद्भवते. विवाहानंतर आडनाव बदलले की निकालपत्रकांत एकाच स्त्रीचे दोन तुकडे होतात. नव्वदच्या दशकात जर्मनीतर्फे खेळणाऱ्या निकोल रीगर आणि सिडनीच्या अंतिम फेरीतील निकोल हुम्बर्ट या एकच. २००८ साली बीजिंगमध्ये रौप्य मिळवणाऱ्या जेन स्टुचिन्स्की आणि २०१२ साली लंडनमध्ये सुवर्ण मिळवणाऱ्या जेन सुर याही एकच. टोकियोतील विजेत्या केटी नाजॉट पुढे केटी मून झाल्या आणि त्याच नावाने २०२३ साली बुडापेस्टमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या नीना केनेडी यांच्यासह जागतिक सुवर्ण वाटून घेतले. अलीकडच्या खेळाडूंची दोन नावे जोडणे सोपे आहे, कारण छायाचित्रे आणि चित्रफिती उपलब्ध असतात. १९५० किंवा १९७० च्या सुमारास एखाद्या महाविद्यालयाच्या मैदानावर उडी मारलेल्या मुलीचे आडनाव बदलल्यानंतर तिचा माग काढणे किती अवघड जाते, याची आपण कल्पना करू शकता. तिच्या नातवंडांनाही ठाऊक नसते की जुन्या कात्रणातील ते नाव आपल्या आजीचे आहे.

यासाठी सुचवतो की प्रत्येक फलकावर उडीच्या वेळचे नाव प्रथम लिहावे, कारण कागदोपत्री पुरावा त्याच नावाने मिळतो, आणि पुढे 'नंतरचे नाव' म्हणून दुसरे द्यावे. उंची मीटरमध्ये द्यावी, परंतु मूळ मोजणी फूट-इंचांत असेल तर तीही ठेवावी. डायान ब्रॅग यांची उंची मूळ ८ फूट ६ इंच होती. रूपांतर करताना आकडे पूर्णांकात बसवले की एक-दोन सेंटिमीटरचे फरक पडतात, आणि पुढे तेच वादाचे कारण होतात. उडी खुल्या मैदानावरची की इनडोअर, अधिकृत की मान्यतापूर्व, हेही नोंदवावे. एखाद्या नावाबद्दल केवळ ऐकीव माहिती असेल तर ते सध्या बाजूला ठेवून पुराव्याची वाट पाहावी. आद्य खेळाडूच्या नावाभोवती रचलेली दंतकथा पुढे खोटी ठरली, तर तिच्या खऱ्या कामगिरीवरही लोक विश्वास ठेवत नाहीत.

फलकांचा क्रम उंचीनुसार लावू नये, अशीही एक सूचना आहे. उंचीनुसार लावले तर पहिल्या स्थानी इसिनबायेव्हा यांची २८ ऑगस्ट २००९ ची झ्युरिक येथील ५.०६ मीटरची उडी येईल, जी आजही विश्वविक्रम आहे, आणि रूथ स्पेन्सर यांचा फलक कोपऱ्यात शेवटी जाईल. काळानुसार लावल्यास पाहणारा १.४४ मीटरपासून चालू लागेल, १९५२ नंतरची मोठी रिकामी जागा त्याला ओलांडावी लागेल, आणि मग १९९२ नंतर फलक एकमेकांना कसे खेटून येतात हे त्याला दिसेल. ती रिकामी जागा चित्रांनी भरून काढू नये, तशीच रिकामी ठेवावी.

जाता जाता चिनी नावांविषयी. तेथे आडनाव आधी आणि व्यक्तिनाम नंतर असते, म्हणून सुन त्साययुन यांचे आडनाव 'सुन' आहे आणि वर्णानुक्रमे यादी केली तर त्या 'स' अक्षराखाली येतील. रोमन लिपीतील लेखनावरून हे नाव पुष्कळदा 'कैयुन' असे वाचले जाते, ते टाळावे. जिच्या नावाने या खेळाचे अधिकृत विक्रमपुस्तक उघडते, तिचे नाव फलकावर बरोबर लिहिलेले असावे.